‘ग्रीन’ हे मोजलं कोणी? हायड्रेट इनहिबिटरवरचे पेपर वाचताना

केमिकल किंवा पेट्रोलियम इंजिनिअरिंगमध्ये पीएचडीला बसायची तयारी करत असाल, तर लिटरेचर सर्व्हे करताना एक साचा तुमच्या लवकरच ओळखीचा होईल. पेपरच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की गॅस हायड्रेटमुळे पाइपलाइन तुंबतात. दुसऱ्यात, सध्याची रसायनं विषारी किंवा महाग आहेत. तिसऱ्यात, म्हणून आम्ही अमुक अमिनो आम्ल, तमुक स्टार्च किंवा कुठल्यातरी वनस्पतीचा अर्क वापरून पाहिला. शेवटी निष्कर्ष: हा पर्यावरणपूरक इनहिबिटर आशादायक आहे.

असे पेपर भरपूर आहेत. त्यातले काही खरंच चांगले आहेत. पण या सगळ्या लिखाणाबद्दल माझी एक ठाम तक्रार आहे आणि आजचा लेख त्याबद्दलच आहे. ‘ग्रीन’ हा शब्द इथे पदार्थ कुठून आला त्यावरून ठरतो. पदार्थ झाडातून आला, खाण्यात वापरला जातो, म्हणजे ग्रीन. वास्तविक तो तीन गोष्टींवरून ठरायला हवा: किती मात्रा लागते, काम झाल्यावर पदार्थ जातो कुठे, आणि तिथे त्याचं काय होतं. हे तीनही मोजता येतं. बऱ्याच पेपरांत ते मोजलेलंच नसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

हायड्रेट म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात अडकलेला वायू. दिसायला बर्फासारखा, पण शून्य अंशाच्या वरही टिकणारा. मिथेनचं हायड्रेट ४ अंश सेल्सिअसला सुमारे ४० बार दाबाखाली स्थिर असतं. खोल समुद्रातल्या पाइपात दाब याहून कितीतरी जास्त असतो आणि तळाचं पाणी थंड. म्हणजे हायड्रेट व्हायला लागणारं सगळं तिथे तयारच. मुंबई हायचा समुद्र जेमतेम ७५ मीटर खोल आणि कोमट आहे. तिथल्यापेक्षा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या हजार मीटरहून खोल विहिरींना हा धोका जास्त, तो याच कारणाने.

पाइप तुंबण्यामागे हायड्रेट आहे हे हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्ये दाखवलं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात मकोंडो विहिरीची गळती झाकायला सोडलेला भलामोठा घुमट याच हायड्रेटने भरून निकामी झाला. आणि प्लग झाल्यावर एकाच बाजूने दाब काढला, तर तो पाइपातून गोळीसारखा सुटू शकतो. माणसं मरू शकतात. त्यामुळे ‘इनहिबिटर थोडा कमी चालला’ हे वाक्य वाटतं तितकं निरुपद्रवी नाही.

उपाय तीन प्रकारचे. पहिला, थर्मोडायनॅमिक इनहिबिटर: मिथेनॉल किंवा मोनोइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे एमईजी. हे हायड्रेट होण्याचं तापमानच खाली ढकलतात, पण लागतात भरपूर. दुसरा, कायनेटिक इनहिबिटर किंवा केएचआय: पीव्हीपी, पीव्हीकॅप यांसारखे पॉलिमर. पाण्याच्या एखाद-दोन टक्के पुरतात, पण हायड्रेट थांबवत नाहीत, नुसता उशीर करतात. तिसरा, अँटी-अ‍ॅग्लोमरंट: हायड्रेट होऊ देतात, पण कणांना एकत्र चिकटू देत नाहीत. यातले बरेचसे क्वाटर्नरी अमोनियम संयुगं असतात आणि पाण्यातल्या जिवांना त्रासदायक असतात.

आता पेपर हातात घ्या आणि पुढचे चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: तुलना कोणाशी केली?

‘ग्रीन’ पेपरांतला खलनायक बहुतेक वेळा पीव्हीकॅप असतो. आरोप खरा आहे. त्याचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असतो आणि तो सूक्ष्मजीवांना सहजी तोडता येत नाही. समुद्राच्या पाण्यातल्या २८ दिवसांच्या चाचणीत त्याचं विघटन साधारण २० टक्क्यांच्या खालीच राहतं.

पण समुद्राखालच्या कितीतरी मोठ्या वायूवाहिन्यांत पीव्हीकॅप नसतोच, एमईजी असतं. नॉर्वेतल्या स्नोव्हिट क्षेत्रातून किनाऱ्यापर्यंत १४३ किलोमीटरची वाहिनी आहे. तिथे एमईजी सोडतात, किनाऱ्यावर पाण्यापासून वेगळं करतात आणि परत विहिरीकडे पाठवतात. ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठी असलेल्या ओस्पार कराराची ‘प्लोनॉर’ नावाची यादी आहे. समुद्रात सोडल्यास पर्यावरणाला धोका नगण्य किंवा नाहीच, असे पदार्थ तिच्यात असतात. एमईजी त्या यादीत आहे. मिथेनॉलही आहे.

थांबा आणि याचा अर्थ लक्षात घ्या. ज्या पारंपरिक रसायनांना प्रस्तावनेत ‘हानिकारक’ म्हणून एका वाक्यात निकाली काढलेलं असतं, ती जगातल्या कडक मानल्या जाणाऱ्या नियमावलीच्या हिशेबाने बऱ्यापैकी हिरवी आहेत. मिथेनॉल माणसाला विषारी आहे, हाताळायला धोक्याचं आहे, वायूबरोबर आणि कंडेन्सेटबरोबर पुढे जाऊन रिफायनरीला डोकेदुखी होतं. पण ‘माणसाला विषारी’ आणि ‘समुद्रात टिकून राहणारं’ हे दोन वेगळे दोष आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी चालत नाही. एमईजीची खरी अडचण मात्रेची आहे: साठवण, पंप, आणि ते परत मिळवायला लागणारी ऊर्जा.

मात्रेचा हिशेब स्वतः करून बघा. हॅमरश्मिटचं सूत्र साधं आहे: इनहिबिटरचं वजन भागिले पाण्याचं वजन, गुणिले १२९७, भागिले रेणुभार. उत्तर येतं ते हायड्रेटचं तापमान किती अंश सेल्सिअस खाली गेलं ते. अंदाजासाठी पुरेसं आहे. १० अंशांचं संरक्षण हवं असेल तर १०० किलो पाण्यामागे मिथेनॉल साधारण २५ किलो आणि एमईजी साधारण ४८ किलो लागतं.

आता यात ग्लायसीन बसवा. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या गटाने ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये अमिनो आम्लं हा इनहिबिटरचा नवा वर्ग म्हणून मांडली, आणि त्यानंतर ग्लायसीन फारच लोकप्रिय झालं. त्याचा रेणुभार ७५. सूत्राप्रमाणे १० अंशांसाठी १०० किलो पाण्यामागे सुमारे ५८ किलो ग्लायसीन लागेल. म्हणजे एमईजीपेक्षा जास्तच. आणि पुढची गंमत बघा: शून्य अंशाला १०० ग्रॅम पाण्यात ग्लायसीन विरघळतं जेमतेम १४ ग्रॅम. समुद्रतळाच्या तापमानाला फार तर त्याहून एक-दोन ग्रॅम जास्त. तेवढ्या ग्लायसीनने संरक्षण मिळतं तीन अंशांच्या आत. त्यापुढे घातलंत तर हायड्रेटऐवजी ग्लायसीनचा साका पाइपात बसेल.

हा हिशेब करायला प्रयोगशाळा लागत नाही, पाच मिनिटं आणि हँडबुक पुरतं. तरीही ग्लायसीनचा थर्मोडायनॅमिक परिणाम मोजणारे पेपर त्याला ‘एमईजीला पर्याय’ म्हणतात, तेव्हा प्रश्न पडतो की रिव्ह्यू करणाऱ्याने ही पाच मिनिटं दिली का? मूळ २०१३ च्या पेपरचं महत्त्व वेगळं आहे. अमिनो आम्ल पाण्याच्या रचनेत नेमकी काय ढवळाढवळ करतं, यावर त्याने विचार करायला लावला. यंत्रणा समजून घ्यायच्या कामाला उत्पादनाची जाहिरात चिकटवली की दोन्हींचं नुकसान होतं.

दुसरा प्रश्न: ‘दहापट’ म्हणजे किती प्रयोगांचं दहापट?

केएचआयच्या पेपरांत मुख्य आकडा इंडक्शन टाइमचा असतो. थंड केल्यापासून हायड्रेट दिसेपर्यंत किती वेळ गेला. आमच्या पदार्थाने हा वेळ दुप्पट, पाचपट, दहापट झाला, असं सांगितलेलं असतं.

पण पहिलं स्फटिक कधी जन्माला येईल, हे बरंचसं योगायोगावर असतं. कढईत ज्वारीच्या लाह्या फुटताना कुठला दाणा आधी उडेल सांगता येतं का? तसंच. तेच पाणी, तोच दाब, तेच तापमान, आणि एकदा हायड्रेट अर्ध्या तासात होतं, एकदा सहा तासांत. शिवाय त्या पाण्यात आधी कधी हायड्रेट झालेलं असेल, तर पुढच्या वेळी ते लवकर होतं. याला ‘मेमरी इफेक्ट’ म्हणतात. म्हणजे पाण्याचा पूर्वेतिहाससुद्धा सारखा ठेवावा लागतो.

या योगायोगाचं गणित साधं आहे. इंडक्शन टाइम घातांकी वितरणाने पसरलेला असतो असं धरा. आता अगदी एकसारखी दोन द्रावणं घ्या. इनहिबिटर कशातच नाही. प्रत्येकाचा एकेक प्रयोग करा. ‘ब’चा वेळ ‘अ’च्या दुप्पट किंवा जास्त येण्याची शक्यता किती? तीनात एक. आणि दहापट किंवा जास्त येण्याची? अकरात एक.

पुन्हा वाचा. काहीही न घालता, अकरांपैकी एका प्रयोगशाळेला ‘दहापट’चा निकाल मिळेल. ती प्रयोगशाळा पेपर लिहील. उरलेल्या दहा लिहिणार नाहीत.

म्हणून पेपर उघडला की निष्कर्षाआधी प्रयोगांची संख्या शोधा. स्टॅव्हँगर विद्यापीठातल्या माल्कम केलँड यांच्या गटाचे पेपर मुद्दाम वाचा. तिथे एकेका द्रावणाच्या आठ-दहा चाचण्या होतात आणि किती पसारा आहे तोही दिलेला असतो. तुलनेसाठी हेरियट-वॉट विद्यापीठात विकसित झालेली क्रिस्टल ग्रोथ इनहिबिशन पद्धतही बघा. तिथे थोडं हायड्रेट आधीच ठेवून ते वाढतं का हे पाहतात. पहिल्या स्फटिकाचा योगायोगच बाजूला पडतो. तीन प्रयोगांची सरासरी आणि एरर बार नसलेला बार चार्ट दिसला, तर तो पेपर दिशा दाखवतो इतकंच समजा.

तिसरा प्रश्न: ‘ग्रीन’ची चाचणी कुठली?

इथे एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २०१६ मध्ये ग्वांगझूमधल्या संशोधकांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये पेक्टिनवर पेपर छापला. शीर्षकातच पेक्टिनला असामान्य म्हटलं आहे. काम मेहनतीचं आहे. इंडक्शन टाइमवर न थांबता त्यांनी वर सांगितलेली स्फटिकवाढीची पद्धतही वापरली. १२.५ अंश सबकूलिंगपर्यंत मिथेन हायड्रेट रोखल्याचं ते सांगतात. आणि मुख्य म्हणजे जैवविघटन आणि खर्च या दोन्हींबद्दल ते बोलतात, जे अनेक जण टाळतात. त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

पण सारांशातला दावा असा: नेहमीच्या व्यापारी इनहिबिटरच्या तुलनेत जैवविघटन ७५ टक्क्यांनी सुधारलं. या वाक्याचे दोन अर्थ होतात. समजा जुन्या पदार्थाचं विघटन २० टक्के आहे. ‘७५ टक्क्यांनी सुधारलं’ म्हणजे २० चे ३५ झाले, की २० चे ९५ झाले? हा किस काढणं नाही. ओस्परच्या चौकटीत समुद्राच्या पाण्यात २८ दिवसांत ६० टक्के ही महत्त्वाची रेघ आहे. ३५ तिच्या खाली आहे, ९५ वर. एकाच वाक्यात नापास आणि विशेष प्राविण्य दोन्ही मावतात. सारांशात प्रत्यक्ष आकडा आणि चाचणीचं नाव आलं असतं, तर ही शंकाच उरली नसती.

चाचणीचं नाव का महत्त्वाचं? ओईसीडी ३०१ ही गोड्या पाण्यातली चाचणी आहे. तिच्यात सांडपाण्याच्या गाळातले सूक्ष्मजीव चालतात आणि ते खादाड असतात. ओईसीडी ३०६ समुद्राच्या पाण्यातली, तिथे सूक्ष्मजीव विरळ. पहिलीत पास झालेला पदार्थ दुसरीत अडखळू शकतो. प्लॅटफॉर्मवरून पाणी समुद्रात सोडलं जाणार असेल, तर दुसरीच चाचणी कामाची. आणि फक्त विघटनही पुरत नाही. ओस्पर तीन बाजूंनी बघतं: विघटन, जिवांच्या शरीरात साठण्याची प्रवृत्ती आणि विषारीपणा. विघटन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर तेवढ्यावरच पदार्थ बदलण्याच्या यादीत जातो. नाहीतर तिन्हींपैकी दोन कसोट्यांत नापास झाला तर जातो.

आणखी एक सापळा. नैसर्गिक पॉलिमर नुसता घेतला तर बरेचदा कमकुवत ठरतो, म्हणून त्यात बदल करतात. व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून २००७ मध्ये कॅटायनिक स्टार्चवर काम आलं. स्टार्च नैसर्गिक आहे, पण त्याला जोडलेले धनभारित गट कारखान्यातले आहेत. असा बदललेला स्टार्च मूळ स्टार्चइतकाच सहज कुजेल, हे गृहीत धरता येत नाही. तपासावं लागतं. ‘स्टार्चपासून बनवलेला’ हे त्याचं कुळ झालं, वागणूक नव्हे.

चौथा प्रश्न: पाइपात खरोखर काय असतं?

प्रयोगशाळेतल्या सेलमध्ये शुद्ध पाणी आणि शुद्ध मिथेन असतं. पाइपात खारं पाणी, कंडेन्सेट, वाळू, गंज रोखणारी रसायनं आणि कधी कधी कार्बन डायऑक्साइड असतो. गंजरोधक रसायन केएचआयचा परिणाम मारू शकतं, ही या धंद्यातली जुनी डोकेदुखी आहे.

पेक्टिनचंच बघा. घरी पेरूची जेली घट्ट होते ती पेक्टिनमुळे. त्याच्या काही जाती साखर आणि आंबटपणामुळे घट्ट होतात, काही कॅल्शियममुळे. जमिनीखालून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम असतंच. मग कुठल्या जातीचं पेक्टिन, किती कॅल्शियम, किती तापमान, हे न सांगता पेक्टिन पाइपात सोडायचं म्हणजे आत जेली होणार नाही याची खात्री कोण देणार? आणि समुद्रात पटकन कुजणारा पदार्थ प्लॅटफॉर्मवरच्या टाकीतही पटकन कुजतो. तो टिकवायला जंतुनाशक घातलं, तर त्या मिश्रणाला ग्रीन म्हणायचं का?

अमिनो आम्लांची गोष्ट तर अजून बोलकी आहे. एकीकडे ती इनहिबिटर म्हणून मांडली जात होती. दुसरीकडे २०१५ च्या सुमारास ल्युसीन मिथेन हायड्रेट झपाट्याने वाढवतं, असे निकाल येऊ लागले. २०१६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे आपल्या एनसीएलमधल्या गटाने हिस्टिडीन मिथेन हायड्रेटच्या वाढीला मदत करतं असं दाखवलं. त्यांचा हेतूच वेगळा होता: वायू हायड्रेटच्या रूपात साठवणं. वायू कुठला, मात्रा किती, ढवळता कसं, यावर पदार्थाची बाजू बदलू शकते. मग ‘अमिनो आम्लं हे ग्रीन इनहिबिटर आहेत’ असं वाक्य अटी न सांगता लिहिणं धोक्याचं आहे. तुंबण्यापासून वाचवायला घातलेली वस्तूच पाइप तुंबवायला मदत करू शकते.

मग या विषयात जायचं की नाही?

जायचं. प्रश्न खरा आहे. पीव्हीकॅपला चांगला पर्याय हवाच आहे आणि मोकळी जागा भरपूर आहे. पण हा पेच नीट ओळखून जा: केएचआयला पाइपात टिकायचं आहे, गरम विहिरीच्या तोंडाशी टिकायचं आहे, आणि समुद्रात पडल्यावर मात्र लवकर तुटायचं आहे. याच पेचातून कण्यात एस्टर बंध असलेले पॉलिमर पुढे आले, कारण तो बंध पाणी आणि सूक्ष्मजीव तोडू शकतात. लवकर तुटला तर पाइप गेला, उशिरा तुटला तर समुद्र. तुमचा पदार्थ या दोन टोकांच्या मध्ये नेमका कुठे बसतो, हे मोजणं म्हणजे पीएचडीचं काम. नुसता अजून एक अर्क सेलमध्ये घालणं नव्हे.

गाईडने हा विषय सुचवला, तर पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी विचारा. रॉकिंग सेल किंवा ऑटोक्लेव्ह किती आहेत आणि एका द्रावणाच्या दहा चाचण्यांना किती आठवडे जातील? ओईसीडी ३०६ची सोय आपल्याकडे किंवा दुसऱ्या संस्थेत होईल का? आणि खऱ्या पाइपातल्या पाण्याची रचना कुठून मिळेल? तिन्हींना उत्तर ‘बघू’ असं आलं, तर विषय बदलायची गरज नाही, शीर्षक बदला. ‘ग्रीन’ शब्द काढून टाका आणि यंत्रणेवर प्रामाणिक काम करा. अमुक रेणू हायड्रेटच्या पृष्ठभागावर कसा बसतो, याचं नीट उत्तर दिलंत तरी पुढचा माणूस त्यावर काहीतरी उभं करू शकेल.

आणि ज्यांच्याकडे सोय आहे, त्यांनी निकालाच्या तक्त्यात इंडक्शन टाइमशेजारी आणखी चार रकाने घाला: चाचण्यांची संख्या, खाऱ्या पाण्यातली कामगिरी, २८ दिवसांचं विघटन आणि १०० किलो पाण्यामागे लागणारी मात्रा. बऱ्याच पेपरांत हे रकाने रिकामे राहतील. कुठले रिकामे आहेत ते बघा. तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडेल.